डोंगराचा नंबर वाईट हिवाळ्यात लावा

जगातली सर्वोत्तम स्की रिसॉर्ट कोणती, याच्या याद्या दरवर्षी हिवाळा तोंडावर आला की निघतात. स्वित्झर्लंडचं झरमॅट वर की कॅनडाचं व्हिसलर, जपानचं निसेको त्यांच्या पुढे की मागे, आपल्याकडे काश्मीरचं गुलमर्ग खरं की उत्तराखंडची औली, हे वाद पूर्वी आपल्या गावीही नव्हते. आता ते साताऱ्यात होतात आणि चांगले हिरिरीने होतात. पहाटे अजिंक्यतारा चढून येणारी, यवतेश्वरच्या घाटात हिल मॅरेथॉनची तयारी करणारी, उत्तरकाशीला किंवा मनालीला गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स करून आलेली पोरं इथे गल्लोगल्ली आहेत. साताऱ्याच्या प्रियांका मोहितेने २०१३ साली एव्हरेस्ट आणि पुढे अन्नपूर्णा, कांचनजंगा सर केल्यापासून तर बर्फाचा डोंगर ही आपल्याला परकी गोष्ट राहिलेली नाही. थंडीत वेण्णा लेकच्या काठावर दवबिंदू गोठले की वर्तमानपत्रात फोटो येतो, तेवढाच आपला घरचा बर्फ. पण गुलमर्गच्या उतारावर मराठी कानावर पडते, आणि बऱ्याचदा ती आपल्या बाजूची असते.

हा वाद जरूर व्हावा. वर्षभर बाजूला टाकलेले पैसे आणि मोजून मिळालेली रजा घेऊन माणूस दोन हजार किलोमीटर लांब जातो. कुठलं ठिकाण चांगलं हे त्याने चारचौघांना विचारायचं नाही तर काय करायचं? पण वाद ज्या मापावर चालतो ते मापच मला मान्य नाही. कुठल्याही स्की रिसॉर्टचा नंबर त्याच्या उत्तम हिवाळ्यावरून लावू नये, सर्वांत वाईट हिवाळ्यावरून लावावा. बर्फ मनासारखा पडला की तिथे काय मजा येते, हे सगळेच सांगतात. बर्फ पडलाच नाही, किंवा अंगावर येईल इतका पडला, तेव्हा ते ठिकाण आलेल्या पाहुण्याशी, तिथल्या कामगाराशी आणि डोंगराखालच्या गावाच्या पाण्याशी कसं वागलं, त्यावर गुण द्यावेत.

माण-खटावच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. तिकडे सोयरीक जुळवताना श्रावणात विहीर काठोकाठ भरते का, असं कोणी विचारत नाही. एप्रिलमध्ये किती परस पाणी असतं, ते विचारतात. श्रावणातली विहीर ही पावसाची करामत असते. एप्रिलमधल्या विहिरीत त्या घराची, त्या गावाची अक्कल आणि मेहनत दिसते.

याद्या कशा तयार होतात ते पाहिलं की मापातला दोष लक्षात येतो. बहुतेक याद्यांत चार-पाच आकडे असतात. उतारांची, म्हणजे पिस्टची, एकूण लांबी किती किलोमीटर, वरच्या टोकापासून पायथ्यापर्यंत उतरण किती मीटर, लिफ्ट किती, वर्षाला सरासरी बर्फ किती. मग हॉटेलं, खाणंपिणं, रात्रीची मौज, आणि सरतेशेवटी वाचकांची मतं. फ्रान्समधलं थ्री व्हॅलीज ६०० किलोमीटर उतार सांगतं, कॅनडातलं व्हिसलर ब्लॅककॉम्ब ३,३०० हेक्टर डोंगर सांगतं, अमेरिकेतलं अल्टा वर्षाला सरासरी १३ मीटरच्या आसपास बर्फ सांगतं. आकडे दिपवणारे आहेत. पण ते मोजले कोणी? बहुतेक वेळा रिसॉर्टनेच. क्रिस्तोफ श्राहे नावाच्या एका जर्मन तज्ज्ञाने नकाशांवरून आणि उपग्रहचित्रांवरून युरोपातले उतार स्वतः मोजायला घेतले आणि २०१३ साली मोठी खळबळ उडाली. स्वित्झर्लंडमधल्या फोर व्हॅलीज या नामांकित क्षेत्राचा दावा होता ४१२ किलोमीटरचा. श्राहे यांच्या मोजणीत भरले १६४. काही ठिकाणी उताराची सरळ लांबी न धरता स्कीअर नागमोडी वळणं घेत जितकं अंतर घसरतो तितकं धरलेलं होतं. आपल्याकडे सातबाऱ्यावरचं क्षेत्र आणि प्रत्यक्ष मोजणीतलं क्षेत्र यात गुंठ्याचा फरक निघाला तर भावाभावांत कोर्टकचेरी होते, आणि इथे अडीचपट फरकावर जगाच्या क्रमवाऱ्या उभ्या राहिल्या.

बर्फाच्या आकड्याची कथा याहून बोलकी आहे. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजमधल्या जोनाथन झिन्मन आणि एरिक झिट्झेविट्झ या दोन अर्थशास्त्रज्ञांनी रिसॉर्टांनी जाहीर केलेल्या ताज्या बर्फाचे आकडे तपासले. शनिवार-रविवारी जाहीर होणारा बर्फ इतर दिवसांपेक्षा २३ टक्के जास्त निघाला. आभाळाला वार कळत नाहीत. गिऱ्हाईक सुट्टीच्या दिवशी येतं, म्हणून आकडा सुट्टीच्या दिवशी फुगतो. पुढे स्कीअर मंडळी उतारावरूनच मोबाइलवर बर्फाची खरी स्थिती टाकू लागली, तेव्हा ही फुगवाफुगवी चांगलीच कमी झाली, हेही त्याच अभ्यासात आलं. मला यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. लोकांनी एकमेकांना खरं सांगायला सुरुवात केली की मोठमोठ्या कंपन्यांनाही खरं बोलावं लागतं. म्हणून साताऱ्यातल्या एखाद्या पोराने परत आल्यावर ‘तिथे काय होतं’ याइतकंच ‘तिथे काय नव्हतं’ हे सांगणं ही सार्वजनिक कामाची गोष्ट आहे.

आता आपल्या देशातला वाईट हिवाळा घेऊ. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग उघडं पडलं होतं. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना चिल्लई कलां म्हणतात. कडाक्याच्या थंडीचा हा काळ. याच दिवसांत पडलेला बर्फ घट्ट बसतो, टिकतो, आणि उन्हाळ्यात झऱ्यांना आणि नद्यांना पाणी देतो. त्या वर्षी तिकडे बर्फ आणणारे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी हिवाळी वादळं, फारशी फिरकली नाहीत, आणि चिल्लई कलां जवळजवळ कोरडी गेली. एरवी पांढऱ्याशुभ्र दिसणाऱ्या माळावर वाळलेलं पिवळं गवत, असे फोटो देशभर गेले. महिनाअखेरीस बर्फ आला आणि फेब्रुवारीत खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा कशाबशा पार पडल्या. पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, फेब्रुवारीतल्या स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या आणि मार्चमध्ये झाल्या.

गुलमर्गचं कौतुक करणारे त्या दोन वर्षांना अपवाद म्हणतात, आणि नावं ठेवणारे म्हणतात की संपलं गुलमर्ग. माझं मत दोघांपेक्षा निराळं आहे. स्पर्धा पुढे ढकलण्याचा निर्णय मला गुलमर्गच्या खात्यात जमेचा वाटतो. ठरलेल्या तारखेसाठी कुठून तरी बर्फ ओढून आणून पाहुण्यांसमोर देखावा उभा केला नाही. डोंगर तयार नव्हता, म्हणून माणसं थांबली. पण याच हिवाळ्यांत वजा गुणही पडतात, आणि ते मोठे आहेत. बर्फ नसला तरी गोंडोला, म्हणजे तिथली केबल कार, चालतोच, तिकीट निघतंच, पर्यटक वर जाऊन फोटो काढून येतो. हातावर पोट असलेल्या स्लेजवाल्याचा, स्की भाड्याने देणाऱ्याचा, उतारावर शिकवणाऱ्या उस्तादाचा हंगाम मात्र बुडतो. हे सगळे खालच्या टंगमर्ग भागातले लोक. बीजिंगच्या २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकुलता एक खेळाडू असलेला आरिफ खान याच भागातला. वडिलांचं गुलमर्गला स्कीचं दुकान, त्या दुकानाच्या आधाराने तो बर्फावर उभा राहिला आणि जायंट स्लॅलम या शर्यतीत ४५वा आला. त्या दुकानांचा हंगाम बुडत राहिला तर पुढचा आरिफ कुठून येणार, हा प्रश्न एकाही क्रमवारीत विचारला जात नाही.

कृत्रिम बर्फ आहे की, असं उत्तर लगेच येतं. तो कसा तयार होतो ते थोडं समजून घ्यायला हवं. तोफेसारख्या यंत्रातून पाण्याचे बारीक थेंब दाबाच्या हवेबरोबर उडवतात, आणि ते खाली पडेपर्यंत गोठतात. त्यासाठी हवा थंड लागते आणि कोरडीही लागते. ओल्या थर्मामीटरचं, म्हणजे हवेतला ओलावाही धरून मोजलेलं, तापमान शून्याखाली दोन अंशांच्या आसपास उतरलं नाही तर पाणी पाणीच राहतं. म्हणजे ज्या उबदार हिवाळ्यात या यंत्राची सर्वांत जास्त गरज, नेमकं तेव्हाच ते हात वर करतं. आणि पाणी किती लागतं? एक हेक्टर उतारावर एक फुटाचा थर द्यायचा तर सुमारे १,००० घनमीटर, म्हणजे १० लाख लिटर. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला तर शंभर टँकर, एका हेक्टरला. जत, आटपाडी, माण, खटाव इथल्या ज्या लोकांनी वस्तीवर टँकरची वाट पाहत कळशांच्या रांगा लावल्या आहेत, त्यांच्या डोळ्यांसमोर हा आकडा उभा राहायला वेळ लागणार नाही. बीजिंगची ती ऑलिंपिक स्पर्धा जवळजवळ संपूर्णपणे अशा कृत्रिम बर्फावर झाली, आणि तीही पाण्याची टंचाई असलेल्या प्रदेशात.

औलीत हा प्रयोग आपण करून बसलो आहोत. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी तिथे बर्फ बनवणारी यंत्रं आणली, त्यांना पाणी पुरवायला डोंगरावर तळं बांधलं. औलीचा उतार सुंदर आहे, यात वादच नाही. समोर नंदादेवी, बाजूला देवदार, आणि नवशिक्याला भीती न वाटेल असा समंजस उतार. पण औलीचं दार म्हणजे जोशीमठ, आणि ते गाव जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलेलं आहे. १९७६ साली मिश्रा समितीने तिथे जड बांधकामं करू नका, असं लेखी बजावलं होतं. तरी हॉटेलांवर हॉटेलं चढली, जलविद्युत प्रकल्प आले, रस्ते रुंद झाले. २०२३ च्या जानेवारीत, ऐन स्कीच्या हंगामात, घरांना भेगा पडल्या. आठशेहून जास्त इमारतींना तडे गेले, कडाक्याच्या थंडीत कुटुंबं घराबाहेर पडली, जोशीमठ-औली रोपवे थांबवावा लागला. जोशीमठ खचलं ते केवळ स्कीमुळे, असं मी म्हणणार नाही. पण ज्या ठिकाणाचा पायाच धोक्यात आहे त्याला ‘सर्वोत्तम’ म्हणून आणखी गर्दी पाठवताना यादी करणाऱ्याने जोशीमठचा उल्लेखही करू नये, हे मला सहन होत नाही.

युरोपात तरी काय वेगळं? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात युरोपातल्या २,२३४ स्की रिसॉर्टांचा हिशेब मांडला आहे. जगाचं तापमान दोन अंशांनी वाढलं तर कृत्रिम बर्फाशिवाय त्यांतल्या ५३ टक्के ठिकाणांवर बर्फाच्या टंचाईचं फार मोठं संकट येईल, चार अंशांनी वाढलं तर ९८ टक्क्यांवर. तेव्हा वाईट हिवाळा हा अपवाद राहणार नाही. तोच नेहमीचा होईल, आणि म्हणून त्याच्यावरूनच पारख करणं भाग आहे. बोलिव्हियातल्या चाकाल्टायाची हिमनदी २००९ पर्यंत संपली. सुमारे ५,३०० मीटरवरचं, जगातलं सर्वांत उंच म्हणून मिरवलेलं ते स्कीचं ठिकाण. बर्फच गेला, मग उंचीचा विक्रम कोणाच्या कामाचा?

संकटात माणसं कशी वागली, याची उदाहरणं मात्र शिकण्यासारखी आहेत. फ्रान्समधल्या पिरेनीज पर्वतातल्या लुशाँ-सुपरबानियेर या ठिकाणी २०२० च्या फेब्रुवारीत उतार उघडे पडले, तेव्हा वरच्या भागातून हेलिकॉप्टरने बर्फ उचलून खाली आणला. झरमॅट तर बहुतेक याद्यांत पहिल्या पाचांत असतं. मॅटरहॉर्नच्या पायथ्याचं, मोटारींना बंदी असलेलं, ३,८८३ मीटरपर्यंत केबल कार नेणारं गाव. २०२२ च्या उन्हाळ्यात तिथली हिमनदी इतकी वितळली की उन्हाळी स्कीइंग थांबवावं लागलं. पुढच्या वर्षी विश्वचषक शर्यतीचा उतार तयार करण्यासाठी हिमनदीवर खोदयंत्रं चालवली, ती परवानगी दिलेल्या हद्दीबाहेर गेली, आणि वाले प्रांताच्या सरकारला ते काम थांबवायला सांगावं लागलं. एवढं होऊनही त्याच्या क्रमांकाला धक्का लागला नाही. माझ्या मापाने तो लागायला हवा होता.

याउलट फ्रान्सच्या जुरा पर्वतातलं मेताबिएफ हे छोटं, कमी उंचीचं गाव. जागतिक याद्यांत त्याचं नाव शोधून सापडणार नाही. पण तिथल्या लोकांनी बसून हिशेब केला, येत्या दहा-पंधरा वर्षांत आपल्याकडचं उतारावरचं स्कीइंग संपणार हे मान्य केलं, नव्या महागड्या लिफ्टवर पैसा ओतायचा नाही असं ठरवलं, आणि जोवर बर्फ आहे तोवर आहेत त्या लिफ्ट नीट राखायच्या, दरम्यान उपजीविकेचे दुसरे मार्ग उभे करायचे, या कामाला लागले. स्वित्झर्लंडमधल्या दावोसला हिवाळ्यातला बर्फ लाकडाच्या भुशाखाली झाकून उन्हाळाभर जपतात आणि पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला पसरतात. माझ्या यादीत ही दोन्ही नावं वरच्या पानावर येतात.

वाईट हिवाळ्याचा दुसरा चेहरा म्हणजे अतिबर्फ. गुलमर्गचा गोंडोला दुसऱ्या टप्प्यात अफरवटच्या खांद्यावर सुमारे ३,९५० मीटरपर्यंत नेतो. तिथून खाली आखलेल्या उताराबाहेर भुसभुशीत बर्फात घसरण्यासाठी परदेशी स्कीअर येतात. तोच उतार जीवही घेतो. २०२३ च्या फेब्रुवारीत दोन पोलिश स्कीअर हिमस्खलनात गेले. २०२४ च्या फेब्रुवारीत, तळाशी खेलो इंडियाच्या स्पर्धा चालू असताना, एक रशियन गेला. गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर तो वाचण्याची आशा असते, पुढे ती झपाट्याने घटते. एवढ्या वेळात बाहेरून मदत पोहोचत नाही. बरोबरच्या मंडळींकडे गाडलेल्याचा माग लावणारं संदेशयंत्र, बर्फात खुपसायची लांब सळई आणि फावडं असेल, आणि ते वापरायचा सराव असेल, तरच उपयोग. निसेकोने या बाबतीत फार आधी पावलं उचलली. सायबेरियाची थंड हवा जपानच्या समुद्रावरून येताना ओलावा घेते आणि होक्काइदो बेटावरच्या निसेकोवर वर्षाला चौदा-पंधरा मीटर बर्फ टाकते. हिमस्खलनात माणसं गेल्यावर तिथे गावाने आणि रिसॉर्टांनी मिळून नियम केले. आखीव उताराबाहेर फक्त ठरावीक फाटकांतूनच जायचं, फाटक उघडायचं की नाही ते रोज सकाळी परिस्थिती पाहून ठरणार, आणि दोरी ओलांडणाऱ्याचा पास काढून घेणार. निसेकोत परदेशी पैशाने जमिनीचे भाव भडकले, स्थानिकांना घर घेणं अवघड झालं, हे वजा गुण आहेतच. पण ‘आज फाटक बंद’ असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगण्याची हिंमत मी स्कीच्या जगातला सर्वांत मोठा गुण मानतो.

आपल्याकडून जाणारी बहुतेक मंडळी अफरवटवरून उडी मारायला जात नाहीत. ती शिकायला जातात. त्यांच्यासाठी एक बारीकशी जागा दाखवतो, जिथे रिसॉर्टची खरी परीक्षा होते. भाड्याचे बूट घालून, खाडखाड बकल लावून तुम्ही स्कीवर टाच दाबता आणि खटका बसतो. त्या खटक्याला बाइंडिंग म्हणतात. त्यावर छोटीशी खिडकी असते आणि तिच्यात आकडा दिसतो. पडताना किती जोर आला की बूट स्कीतून सुटावा, हे तो आकडा ठरवतो. माणसाचं वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि त्याचं कौशल्य पाहून स्क्रूड्रायव्हरने तो लावायचा असतो. जास्त लावला तर पडताना स्की सुटत नाही, पायाला पीळ बसतो आणि गुडघा जातो. मी स्वतः शिकायला गेलो तेव्हा भाड्याच्या एका दुकानात रांगेतल्या एकालाही वजन विचारलं नाही. आधीच्या गिऱ्हाइकाच्या पायातली स्की तशीच पुढच्याच्या पायात गेली. आमच्या शेजारी एक ताई होत्या, पन्नाशीच्या, हौसेने आलेल्या. उस्तादाने उतारावर पोहोचल्यावर प्रत्येकाच्या पायापाशी गुडघे टेकून त्या खिडक्या पाहिल्या, खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि ताईंचा आकडा निम्म्याने खाली आणला. मग पुढची टोकं जवळ, मागची लांब, असा नांगरासारखा पवित्रा घेऊन कसं थांबायचं, ते शिकवायला सुरुवात केली. त्याच्यासारख्या माणसांच्या जोरावर ही ठिकाणं चालतात. त्यांचं शिक्षण, त्यांचा विमा, त्यांचा पगार याला याद्यांमध्ये शून्य गुण असतात.

माझ्या मित्रांचे आक्षेप मी ऐकले आहेत. एक म्हणतो, माणूस चार दिवस मजा करायला जातो, त्याच्या डोक्यावर कशाला पाण्याचा आणि मजुरीचा हिशेब? मी म्हणतो, हा हिशेब त्याच्याच फायद्याचा आहे. जे ठिकाण खोटा बर्फ जाहीर करत नाही, धोका असेल तेव्हा वरचा टप्पा बंद ठेवतं, बाइंडिंग नीट लावतं, तिथे गेलेल्या माणसाचे पैसे आणि हाडं दोन्ही शाबूत राहतात. दुसरा म्हणतो, या मापाने छोटी, कमी बर्फाची गावं वर येतील आणि स्की करायला उतारच मिळणार नाही. हा आक्षेप रास्त आहे. म्हणून बर्फ, उंची, उतार यांना गुण असावेतच, त्यांच्याशिवाय स्की कसली? पण निसर्गाने दिलेल्या गोष्टींवर सगळे गुण संपू नयेत. आपल्या जिल्ह्यात वॉटर कप झाला तेव्हा पहिल्या वर्षी, २०१६ साली, कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं, आणि २०१८ साली माणमधली टाकेवाडी. त्या गावांना गुण पाऊस किती पडला यावर मिळाले नाहीत. पाऊस यायच्या आधी, उन्हाळ्यातल्या ४५ दिवसांत लोकांनी किती आणि कसं काम केलं, याचं मोजमाप झालं. स्पर्धा घेऊनही चांगलं माप लावता येतं, हे आपण डोळ्यांनी पाहिलं आहे.

मग माझी क्रमवारी काय, असं कोणी विचारलं तर सांगतो. भारतात आज पहिला गुलमर्ग, कारण उंची आहे, उतारावर गस्त घालणारं स्की पॅट्रोल आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या शिकवणारी स्थानिक माणसं आहेत. पण तो पहिला नंबर सशर्त आहे, आणि हंगाम बुडाला तर स्लेजवाल्याचं काय, याचं उत्तर मिळेपर्यंत सशर्तच राहील. मनालीजवळच्या सोलंगला मी दुसरं ठेवतो, गर्दी आणि वाहतूक कोंडी धरूनही. तिथे मनालीची गिर्यारोहण संस्था पद्धतशीर शिकवते आणि आसपासच्या गावांतून खेळाडू घडतात. २०१८ साली तुर्कस्तानात स्कीमधलं भारताचं पहिलं आंतरराष्ट्रीय पदक आणणारी आंचल ठाकूर मनालीजवळच्या बुरुआ गावची. औलीला मी सध्या नंबर देणार नाही. आधी जोशीमठच्या घरांचं बघू द्या. परदेशात निसेकोला झरमॅटच्या वर ठेवतो, आणि मेताबिएफचं नाव घेतल्याशिवाय कोणतीही यादी पूर्ण मानत नाही.

साताऱ्याने यात एवढं मन का घालावं, तर याद्यांचा हा खेळ आपल्या दारात आला आहे. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ जागांबरोबर कास पठार जागतिक वारसा यादीत गेलं. नंतरच्या काही वर्षांत कासच्या रस्त्यावर गाड्यांच्या रांगा लागल्या आणि तेरड्याच्या, सीतेच्या आसवांच्या फुलांत माणसं सेल्फीसाठी लोळली. शेवटी दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा घालावी लागली आणि आसपासच्या गावांच्या वन व्यवस्थापन समित्यांनी हंगाम हाती घेतला. पाऊस लांबला की फुलंही लांबतात, आणि ‘काहीच नाही हो तिथे’ म्हणत लोक परततात. त्या दिवसांत प्रवेशशुल्क घेणाऱ्या पोराने खरं सांगायचं की पावती फाडायची, हा प्रश्न गुलमर्गच्या प्रश्नाहून वेगळा नाही. आता जावळी, पाटण, साताऱ्याच्या डोंगरपट्ट्यातली दोनशेहून अधिक गावं घेऊन नवीन महाबळेश्वर उभं राहू घातलं आहे. उद्या त्याचेही नंबर लागतील. ते नंबर पॉइंट किती, रिसॉर्ट किती, रोपवे किती लांब यावर लागले तर कोयना खोऱ्यातल्या वाड्या-वस्त्यांचं मे महिन्यातलं पाणी कोणाच्याच हिशेबात येणार नाही.

आपल्या जिल्ह्यातून हिमाचल-काश्मीरच्या सहली नेणारे आयोजक आता कमी नाहीत. त्यांच्यापासून सुरुवात करता येईल. जाहिरातीत पांढऱ्या डोंगराच्या फोटोशेजारी चार ओळी छापाव्यात: गेल्या तीन हंगामांत नेमक्या याच तारखांना तिथे बर्फ होता का, बर्फ नसला तर किती पैसे परत, शिकवणारा उस्ताद प्रशिक्षित आहे का आणि त्याला रोज किती देणार, वरचा टप्पा बंद झाला तर पर्यायी कार्यक्रम काय. आणि पैसे भरायच्या आधी आपण गिऱ्हाइकांनी या चार ओळी मागाव्यात. ज्या आयोजकाला त्या लिहून देता येत नाहीत, त्याच्याबरोबर जानेवारीत पोरांना पाठवू नये.